पाच लाल फिती

धोंडा सुटला तेव्हा माझी जाऊ चंद्रा त्याच्या बरोब्बर खाली होती, आणि पाच लाल फिती माझ्या कनवटीला होत्या.

आधी आवाज झाला नाही. आधी हाताखालचा आधार गेला. भरलेलं घमेलं मी त्या धोंड्यावर टेकवलं होतं. लग्न होऊन आल्यापासून गवताचा भारा टेकवत आले, तसंच. बसलेल्या म्हशीनं अंग हलवावं तसा तो हलला, त्याच्या बुडाची माती सरकली आणि तो गेला. त्याच्यामागून मुरमाचा ढीग गेला. माझ्याखाली घळीत पाच जणं रांगेनं उभी होती, स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात देतात तशी, एकाच्या खाली एक. माझी सून मंदा, वाडीतल्या सखू आणि पारू, तळेगावचे देसाईकाका, आणि सगळ्यात खाली चंद्रा. तिच्याही खाली वैशाली वाटेवरून धापा टाकत वर येत होती. वैशाली म्हणजे आम्हाला सुरक्षेचं शिकवायला आलेली पोरगी. तिचा आवाज तेवढा मी ऐकला. "भिंतीला! भिंतीला!" मग दगडावर दगड आपटला. मग घळ धुळीनं भरली आणि मला माझे पायसुद्धा दिसेनात.

"चंद्रे!" म्हणून मी हाक मारली. उत्तर आलं नाही.

त्या गोष्टीला एक वर्ष झालं. आता पुन्हा तेच दिवस आलेत. पाऊस गेलाय. खाचरात इंद्रायणी पिवळी पडायला लागली आहे आणि सकाळी दार उघडलं की चुलीवर काही नसताना घरात भाताचा वास येतो. सोनकीची फुलं डोंगरावर शेवटची शेवटची उरली आहेत. गवत कंबरेएवढं होऊन वाळायला लागलंय. त्याची कुसळं लुगड्याला चिकटतात. संध्याकाळी ओट्यावर बसून ती एकेक काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच घेऊन यायचं. सकाळी घळीत धुकं असतं, दहाला ऊन भाजतं, चारला पुन्हा गार वारं सुटतं.

लोक या दिवसांना छान म्हणतात. लोणावळ्याच्या बाजूनं गाड्या भरून येतात, पिवळ्या फुलांत बसून फोटो काढतात, लोहगडवाडीला भजी खातात आणि जातात. मला हे दिवस कधीच छान वाटले नाहीत. पावसाळ्यात डोंगर सरळ वागतो. पडायचं ते पडतं, वाहायचं ते वाहतं, आणि ते सगळ्यांना दिसतं. पाऊस थांबला की तो गप्प बसतो. आत पाणी मुरलेलं असतं, दगडांच्या बुडाची माती गेलेली असते, आणि वरून सगळं हिरवं-पिवळं, नीटनेटकं दिसतं. नीटनेटकं दिसणाऱ्या गोष्टीचा मला आधी संशय येतो. माणसांचंही तसंच. ओरडणाऱ्या माणसाला मी भीत नाही. गोड बोलणारा आला की भाकरीचं टोपलं झाकते.

काल शाळेच्या ओट्यावर हेल्मेटं ओळीनं मांडलेली बघितली. लांबून भोपळे ठेवल्यासारखी दिसत होती.

हेल्मेटवाली ही शहरातली माणसं पहिल्यांदा आली तेव्हा मी मंदाला विचारलं होतं, "हे हितं कशापायी आल्यात?"

"गडाची वाट नीट करायला, आत्या. लोकांचे पाय घसरत्यात."

"त्यास्नी काय मिळतंय?"

"काय न्हाई. सेवा म्हनून करत्यात."

"सेवाच करायची तर शिरगावला जावा म्हनावं. तितं साईबाबा हाय, रांगबी हाय, सावलीबी हाय."

आम्हा बायांची गोष्ट वेगळी. आम्हाला हजेरी लागणार होती, म्हणून आम्ही जाणार होतो. पण ही शहरातली माणसं? त्यांच्यात सगळ्यात जास्त संशय मला देसाईकाकांचा. कारखान्यातून निवृत्त झालेले, तळेगावात सोसायटीत राहतात, गुडघ्याला पट्टा लावतात आणि दर रविवारी येऊन दगड उचलतात. फुकट दगड वाहणारा माणूस मी जन्मात बघितला नव्हता. मी त्यांना तोंडावर विचारलं, "काका, घरी बायको बोलत न्हाई का?"

ते हसले. "बोलते की. म्हणून तर येतो."

सगळ्या बाया हसल्या. मी हसले नाही. हसण्यावारी नेलेलं उत्तर मी उत्तर धरत नाही.

उगाच कुणाचा संशय घ्यायला मला हौस नाही. वीस-बावीस वर्षांमागं असाच एक माणूस आला होता, याच दिवसांत, गवत वाळताना. डोळ्याला काळा चष्मा, पायात पांढरे बूट. आमच्या मालकांना 'आबा' म्हणायचा. माझ्या हातची नाचणीची भाकरी खाऊन म्हणायचा, मावशी, ही चव पुण्यात मिळत नाही. मी पक्षी बघायला येतो, असं सांगायचा. पक्षी बघता बघता एक दिवस त्यानं आमच्या माळावरच्या करवंदीच्या जाळीला लाल फीत बांधली. मग पुढच्या जाळीला. मग सरळ एक ओळच झाली. मी विचारलं, हे काय रे बाबा? म्हणाला, पक्ष्यांच्या खुणा.

मी गवताला गेले होते त्या दिवशी मालकांनी कागदावर अंगठा दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. मला येतं, मी चौथी पास आहे. पण मी घरी नव्हते. आता त्या माळावर भिंत आहे, भिंतीच्या आत निळ्या पाण्याचा हौद आहे, आणि शनिवार-रविवारी तिथली गाणी आमच्या चुलीपर्यंत येतात. मालक त्यानंतर दहा वर्षं जगले. त्या बाजूला तोंड करून ते कधी जेवायला बसले नाहीत.

तेव्हापासून वाडीच्या आसपास खुंटी दिसली की मी उपटते आणि फीत दिसली की सोडते. मी एकटीच नाही. वाडीतल्या जुन्या बाया सगळ्याच करतात. कुणी कुणाला सांगत नाही. गाय हाकत येताना हात जाळीकडे जातो आणि फीत कनवटीला जाते. फेकून देत नाही. घरी पत्र्याच्या पेटीत ठेवते. पुरावा म्हणून.

तर गेल्या वर्षी शिकवणी झाली, शाळेच्या ओट्यावर, दोन दिवस. वैशाली तळेगावहून यायची. तिशीतली, अंगानं बारीक, आवाज मात्र मुकादमासारखा. ती बोलायला उभी राहिली तशी चंद्रानं पहिलं विचारलं, "कुनाची गं तू?"

"माझी आजी धरणाच्या त्या अंगाची. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची."

"मंग तुला ठावं असंल, खडी कशी फोडत्यात."

"ठावं हाय," वैशाली आमच्यासारखंच बोलली. "एक डोळा गेला तिचा त्यात. कुनी चष्मा दिला न्हवता."

बाया चुकचुकल्या. चंद्रा तर तिथंच तिची झाली. मी मनात म्हटलं, काळ्या चष्म्यावाल्याचीसुद्धा आजी कुठल्याशा खेड्यातलीच होती.

आधी कागद आला. सगळ्यांनी सही नाही तर अंगठा द्यायचा. मी तो पहिल्या अक्षरापासून वाचला. बाकीच्या उन्हात उभ्या. "म्हातारी परीक्षेला बसली," सखू म्हणाली. कागदावर लिहिलं होतं की मला धोके समजावून सांगितले आहेत आणि मी सूचना पाळीन.

"म्हंजी मेले तर चूक माजी," मी म्हटलं.

"तसं नाही मावशी. विम्यासाठी लागतं."

"विमा मेल्यावरच देत्यात ना?"

तिनं पेन पुढं केलं. मी सही केली. पण मनात गाठ बसली.

मग हेल्मेट. ते घालायचं तर अंबाडा सोडावा लागतो. चंद्रानं आयुष्यात चारचौघांत केस सोडले नव्हते. तिनं पदराआड अंबाडा सोडला, पदर डोक्यावरून घट्ट घेतला, त्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि मला विचारलं, "आक्का, कशी दिसते?"

"वरवंट्यावर वाटी पालथी घातल्यावानी."

"तुला न्हाई बसायचं हे. तुझं डोस्कं मोठं हाय. त्यात लय कायकाय भरलंय."

दोन बांबू आणि दोन पोती घेऊन वैशाली झोळी करायला शिकवू लागली तेव्हा बाया पोट धरून हसल्या. पारूला दोन्ही बाळंतपणांना आम्ही तशाच झोळीतून खाली नेलं होतं, एकदा तर भर पावसात. वैशालीनं हसू दिलं. मग म्हणाली, "असं असेल तर तुम्हीच शिकवा मला." आणि खरंच शिकली. उतारावर पाय पुढं ठेवायचे की डोकं, न थांबता खांदा कसा बदलायचा. वहीत लिहून घेतलं. मला तेही खटकलं. आमच्याकडून घेऊन ही कुठं विकणार?

सगळ्यात अवघड गेलं ते घमेलं टाकणं. तिचं सांगणं सोपं होतं. वरून दगड आला की कुणीतरी 'भिंतीला' म्हणून ओरडायचं. ते ऐकलं की हातात जे असेल ते तिथंच टाकायचं, वर बघायचं नाही, खाली पळायचं नाही, बाजूच्या कड्याला छाती लावून उभं राहायचं, हात मानेवर. सांगेपर्यंत वळायचं नाही. बाया कड्याला जायच्या, पण घमेलं घेऊन. सगळं आयुष्य ज्या हातांना सांडू नको म्हणून सांगितलंय, ते हात कसे सुटणार? बांधकामावर घमेलं पडलं तर मुकादम आईवरून बोलतो. चंद्राला तर जमेचना. "अगं, सांडंल की!" असं दर वेळी.

"सांडू दे, मावशी."

"भरल्यालं हाय!"

"भरलेलंच टाकायचं. पुन्हा. भिंतीला!"

दहा वेळा झालं, पंधरा वेळा झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चंद्रा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकता टाकता मध्येच सूप सोडून द्यायची आणि घराच्या भिंतीला जाऊन चिकटायची. कोंबड्या आधी ओरडत पळाल्या, मग त्यांना सवय झाली. तिचा नवरा दारात बसून म्हणाला, "येडी झाली ही." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बोलू नका. सांगंपर्यंत वळायचं न्हाई."

मी यातलं काही केलं नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि ओट्यावर बसून राहिले. गुडघे दुखतातच. पण मी बसले होते ती त्यांच्यावर लक्ष ठेवायला.

त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी खाली गेल्यावर वैशाली एकटीच घळीच्या माथ्याला राहिली. मी गाय आणायला गेले होते. जाळीआडून बघितलं. तिनं पहारीनं आमच्या टेकायच्या धोंड्यावर ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. खाली वाकून त्याच्या बुडात हात घातला. मग पिशवीतून लाल फीत काढली. एक करवंदीला बांधली, एक काठी रोवून तिला, मग पुढच्या जाळीला. पाच ठिकाणी, सरळ ओळीत. मोबाइलवर फोटो काढले, वहीत लिहिलं. जाताना थांबून मागं वळली आणि सगळं एकदा नजरेखालून घातलं, आपलं शेत बघतात तसं.

पाच पावलं पुढं जाऊन मला विचारता आलं असतं, पोरी, हे काय? मी विचारलं नाही. विचारणाऱ्याला पक्ष्यांच्या खुणा सांगतात, हे मला ठाऊक होतं.

ती वळणाआड गेली तशी मी पाचही सोडल्या. गाठी पक्क्या होत्या, दात लावावे लागले. फितीला रबरासारखी चव होती. धोंड्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. त्याच्याकडं काय बघायचं? माझी सासू त्यावर भारा टेकवायची. पहिल्यांदा गवताला नेलं तेव्हा तिनंच मला दाखवला होता, हितं टेक, हितं श्वास घे. भारे घासून घासून त्याची एक बाजू पाटावानी गुळगुळीत झाली होती. उन्हात तापलेला असला तरी त्याच्याखाली सावलीत गारवा असायचा. नवीन सून असताना मी त्याच्याआड बसून रडलेय, पुढं मंदा सून होऊन आली तेव्हा त्याच्याआड बसून तिला पाजलेलं ताक आठवतंय. साऱ्या वाडीत डोळे मिटून कुणावर विसंबावं तर त्या धोंड्यावर, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. रविवार असल्यामुळं गडाच्या रस्त्याला गाड्या अडकल्या होत्या आणि वैशालीची स्कूटर त्यातच कुठंतरी. तिची वाट बघून देसाईकाकांनी काम सुरू करायचं ठरवलं. मुरूम वर होता, पायऱ्या खाली भरायच्या होत्या. काका आधी म्हणाले की एकाखाली एक उभं राहायचं नाही, शिकवलंय ना. सखू म्हणाली, असं तिरकं उभं राहिलं तर चार पावलं जास्त पडत्यात, स्लॅबला आमी सरळच हुबं ऱ्हातो. काकांनी घळीच्या माथ्याकडं बघितलं.

"वैशाली म्हणाली होती, जिथं धोका आहे तिथं संध्याकाळी लाल फिती बांधून ठेवते. इथं तर फीत दिसत नाही." त्यांनी पुन्हा एकदा बघून घेतलं. "म्हणजे इथं हरकत नाही."

हे मी ऐकलं. पेटीत टाकायच्या राहिलेल्या फिती माझ्या कनवटीला होत्या, पोटाला लागत होत्या. हे लिहिताना मला लपवायचं नाही. मी ऐकलं आणि गप्प बसले. आधी वाटलं, हा खोटं बोलतोय. मोजणीच्या खुणा नाहीशा झाल्या म्हणून यानं आता ही गोष्ट रचली. मग वाटलं, खरं असलं तर आपण सोडल्या असं चारचौघांत सांगावं लागेल. आणि मग वाटलं, धोका कसला त्या धोंड्याला? त्याला बघायला ती आज आली, मी जन्मभर बघतेय. या तिन्ही गोष्टी पहिलं घमेलं भरेपर्यंत माझ्या मनातून जाऊन आल्या, आणि मी घमेलं मंदाच्या हातात दिलं.

काकांनी फीत शोधली, दगड बघितला नाही. मी दगडही बघितला नाही. मी फक्त माणसं बघत होते. वीस-एक घमेली गेली. धुकं विरळ झालं. हात भरून आले तसं मी घमेलं टेकवलं. त्याच वेळी खालच्या वळणावर वैशाली दिसली. तिनं मान वर केली, घळीचा माथा बघितला, आम्हाला रांगेत बघितलं, आणि तिचं तोंड उघडलं.

मग चौकशीला माणसं आली. वैशालीच्या संस्थेची आली, गावातली आली. तिच्या मोबाइलवर फोटो होते, पाच फिती, मागं तो धोंडा. मग सोडल्या कुणी? कुणी म्हणालं, फिरायला येणारी पोरं काहीही करतात. कुणी म्हणालं, वानरं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, वानरंच असतील. वानरांना गाठ सोडता येते का, हे कुणी विचारलं नाही. विचारणारा माणूस लिहून घेत होता. मी अक्षरं उलट बाजूनं वाचली. 'वानर' असंच लिहिलं होतं.

पुढं पाऊस आला, गेला. वैशाली वाडीला दिसली नाही. मंदानं कुठूनतरी ऐकलं की तिला कामावरून बाजूला केलंय. मी भात लावला, तण काढलं. फिती पेटीत होत्या, जुन्या फितींच्या वर. पेटी उघडायची झाली तर मी न बघताच हात घालून लागेल ते ओढायची.

आणि गेल्या आठवड्यात ती आली. देसाईकाका तिच्याआधीच येऊन बसले होते. त्यांचा पाय त्या दिवशी दोन ठिकाणी मोडला, आता काठी आहे, डोंगर चढता येत नाही. तर ते शाळेच्या ओट्यावर बसून सगळ्यांना चहा करून देतात. पाय मोडला तरी हा माणूस येतो. माझा संशय आता जास्तच वाढला आहे.

काल मी ओट्यावर गेले तर वैशाली हेल्मेटांचे पट्टे तपासत होती. वर न बघता म्हणाली, "मावशी, ह्या वर्षी फिती तुम्ही बांधायच्या."

"मीच का?"

"तुम्हाला डोंगर माहीत आहे."

"सखूलाबी म्हाईत हाय."

तिनं पुढचा पट्टा ओढून बघितला. मला कळायचं ते कळलं. खरं तर मी घरून निघतानाच गेल्या वर्षी सोडलेल्या फिती घेऊन निघाले होते. कनवटीतून काढून हेल्मेटांशेजारी ठेवल्या. पेटीत होत्या म्हणून रंग तसाच होता, एकीच्या टोकाला माझ्या दातांची खूण. तिनं हात लावला नाही. नुसत्या मोजल्या.

"पाच," ती म्हणाली. "पाचच होत्या."

"तुला ठावं होतं?"

"संशय होता." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "का? संशय फक्त तुम्हालाच येतो?"

"मंग वर्सभर बोलली का न्हाईस?"

"पुरावा नव्हता."

पलीकडं देसाईकाका चहा गाळत होते. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"मला सहा महिने घरी बसवलं, मावशी," वैशाली म्हणाली. "फोटो बघून झाले तरी विचारायचे. बांधल्या होत्यास ना? नीट बांधल्या होत्यास? शेवटी शेवटी माझं मलाच वाटायला लागलं, सैल राहिल्या असतील."

"सैल नव्हत्या," मी म्हटलं. "दात लावाया लागले."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिला काळ्या चष्म्यावाल्याचं सांगितलं, माळाचं सांगितलं, मालक कुठं तोंड करून जेवायचे ते सांगितलं. माफी मागितली नाही. ती मागून भागण्यातली गोष्ट नाही, आणि मला नीट येतही नाही.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"इचारलं की मानूस खोटं सांगतो."

"आणि मी तरी कुठं विचारलं? न सांगता तुमच्या जाळीला फीत बांधून गेले. दोन दिवस शिकवलं, फीत कशी दिसते ते एकीलाही दाखवलं नाही. चूक माझीपण आहे."

समोरच्याची एवढी मोठी चूक हातात आल्यावर कुणी आपली काढून दाखवत नाही. यातही काहीतरी असेल. मी अजून विचार करते आहे.

मग आम्ही दोघी वर गेलो. आता असं ठरलंय की आधी सगळ्या वाडीला फीत दाखवायची आणि कशाची ते सांगायचं. बांधायची वाडीतल्या दोघींनी, सोडायची त्याच दोघींनी. तिनं माझ्या हातात पहार दिली. भरीव दगड खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. कान लावला की लहान पोरालाही कळेल. सगळा जन्म डोंगरात काढून मी कधी दगडाला कान लावला नव्हता. तीन दगड बद्द वाजले. तिथं मी फिती बांधल्या. त्या धोंड्याची जागा आता खड्डा आहे, त्यात गवत उगवलंय. तरी तिथून जाताना माझा खांदा टेकायला आपोआप कलतो.

मी खड्ड्याशी उभी राहून खाली घळीत बघितलं. त्या दिवशीही इथंच उभी होते.

धूळ बसायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. आधी मंदा दिसली, कड्याला चिकटलेली. मग सखू, मग पारू. देसाईकाका खाली पडले होते, पाय नको तसा वळलेला, पण ते शिव्या देत होते, म्हणजे होते. वैशाली त्यांच्याकडं धावत होती. घळीच्या तळाला धोंडा आडवा पडला होता. त्याच्याखालून चंद्राच्या घमेल्याची कड बाहेर आली होती, भाकरीसारखी चपटी. मी त्या कडेकडं बघत राहिले.

मंदानं बोट दाखवलं. उजव्या अंगाला, कड्याच्या खोबणीत, एक पिवळं हेल्मेट होतं. छाती दगडाला, दोन्ही हात मानेवर. हलत नव्हतं. मंदा घसरत खाली गेली, खांद्याला हात लावला, तरी ते वळेना. तेव्हा वैशाली काकांपासून ओरडली, "चंद्रामावशी! झालं! वळा आता!"

मग चंद्रा वळली. तोंड मुरमानं पांढरं. तिनं धोंड्याखालचं घमेलं बघितलं, मग वर माझ्याकडं बघितलं.

"मी टाकलं बरं का," ती म्हणाली. "भरल्यालं टाकलं. आता कुनी मला बोलायचं न्हाई."

घळीत आम्ही सात जणं होतो. सातही जगलो.